बुडबुडे निघतात ती जागा

गोसीखुर्द, पुनर्वसन वसाहत
५ एप्रिल २०२५

श्री. लिलाधर भाऊजींना भूपेशचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुम्ही नाक मुरडलं असेल. मुरडून झालं की पुढे वाचा. माझ्या थोरल्याच्या लग्नात तुम्हाला दुपट्ट्याऐवजी टॉवेल-टोपी मिळाली, तेव्हा तुम्ही भर मांडवात उभे राहून ओरडलात, ‘आजपासून या साळ्याशी एक शब्द बोलीन त मी या घरचा जवाई नाई!’ त्याला तीन वर्षं होत आली. दुपट्टे कमी पडले होते, हे मी तुळसाबाईकडून किती वेळा कळवलं. ती माझी सख्खी बहीण आहे तशी तुमची बायकोही आहे, तिचं तरी ऐकायचं होतं. पण शपथ बोलण्याची होती, लिहिण्याची नव्हती, म्हणून लिहितो.

आमच्या मासेमारी संस्थेने गोव्याच्या एका हॉटेलातून पाण्याखाली जायचा जुना सेट घेतला आहे. टाकी, पाठीवरचे पट्टे आणि तोंडात धरून श्वास घ्यायचा तो रेग्युलेटर. कशासाठी, ते तुम्हाला सांगायला नको. आपलं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, पण भिंती आणि झाडं अजून तळाशी उभी आहेत, आणि आमची जाळी त्यांत अडकतात. सगळ्यात खादाड तुमच्या घरामागची चिंच. ह्या वर्षी तिने संस्थेचं महाजाळंच धरून ठेवलं आहे. सगळ्या वसाहतीने मिळून विणलेलं जाळं आहे ते. पावसाळ्याआधी खाली जाऊन सोडवलं नाही, तर पाणी चढेल आणि मग ते कुजूनच जाईल.

अडचण अशी की रेग्युलेटर हवा सोडतो. मोठी गळती नाही. नुसता ठेवला तरी तोंडाकडून बुडुक बुडुक चालू असतं आणि टाकी उतरत जाते. तुम्ही इतकी वर्षं मालवणला हेच दुरुस्त करता. काय करायचं ते थोडक्यात कळवा. उपदेश नको.

आपला,
भूपेश


मालवण
१४ एप्रिल २०२५

भूपेश,

दुपट्टे कमी पडले म्हणतोस. तुमच्या संस्थेचा अध्यक्ष भय्याजी, त्याच्या ड्रायव्हरला दुपट्टा मिळाला आणि घरचा जवाई टॉवेल खांद्यावर टाकून, आंघोळीला निघाल्यासारखा मांडवात उभा. असो. मी लिहीन, बोलणार नाही. तुळसा रोज संध्याकाळी तुझ्याशी फोनवर बोलते ते माझ्या कानावर पडतं, पण मी ऐकत नाही.

आता तुमच्या संस्थेच्या अकलेविषयी. हॉटेलने टाकून दिलेली खुर्ची घ्यावी, गादी घ्यावी, पंखा घ्यावा. ज्याच्यावर माणसाचा श्वास चालतो ती वस्तू हॉटेलच्या अडगळीतून कोण घेतं? एवढी तुमची कार्यकारिणी, चहाला सगळे हजर. पण हॉटेलने हे का विकलं, असं विचारायला एकाचंही तोंड उघडलं नाही. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता ना.

नीट वाच, आणि वाचताना तो खर्रा घोटणं बंद ठेव. रेग्युलेटर म्हणजे दोन भाग. टाकीच्या तोंडावर बसतो तो फर्स्ट स्टेज. टाकीतला दोनशे बारचा दाब तो दहाच्या आसपास उतरवून नळीत सोडतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला, तोंडात धरतो तो सेकंड स्टेज. तू श्वास ओढलास की तो उघडतो, सोडलास की बंद होतो. असे तोंडाचे भाग दोन असतात, काळा असतो तो नेहमीचा आणि पिवळा असतो तो अडीअडचणीचा, पण दोघांना हवा एकाच फर्स्ट स्टेजमधून येते. हे लक्षात ठेव.

स्वयंपाकाच्या मोठ्या गंजात पाणी भर, सगळा सेट टाकीला जोडून बुडव आणि बघत बस. नळीच्या सांध्यातून बुडबुडे आले तर आतली रबरी रिंग गेली आहे, ती बदल. तोंडातून आले तर घाई करू नकोस. डोंग्यात पाणी जिथून येतं तिथेच भोक असतं. इथे तसं नाही. इथे बुडबुडे एकीकडून निघतात आणि दोष दुसरीकडे बसलेला असतो. फर्स्ट स्टेजच्या आत एक सीट असते, नखाएवढी प्लास्टिकची चकती. ती झिजली की हवा पूर्ण बंद होत नाही, नळीतला दाब हळूहळू चढत जातो, आणि शेवटी बिचारा सेकंड स्टेज तोंड उघडून ती हवा सोडून देतो. शिव्या त्याला पडतात, चोर वर टाकीवर बसलेला असतो.

म्हणून सोबत एक गेज पाठवत आहे. पाठीवरच्या पट्ट्यांच्या पिशवीत हवा भरायची जी नळी असते तिला तो जोड. काटा दहाच्या जवळ येऊन थांबला आणि थांबूनच राहिला, तर फर्स्ट स्टेज ठीक. चढत गेला तर तो खराब. रिंगा आणि सिलिकॉनच्या ग्रीसची पुडीही ठेवली आहे.

आणि एक. तुझ्या खर्र्याचा चुरा त्या तोंडाच्या भागात गेला तर आतली झडप नीट बसत नाही आणि श्वासाबरोबर पाणी येतं. खाली जाण्याआधी चूळ भर. तुझ्या पुतण्याला, नत्थूला सांगायची गरज नाही, तुलाच सांगतो.

तुझी पोरगी रिंकू काय करते? नर्सिंगला जाणार होती ना? तिचा तो पुढचा तुटका दात बसवून घेतला का? डोंग्यावरून उडी मारताना काठावर आपटली होती, तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं आणि तू मला शिव्या दिल्यास.

लिलाधर


गोसीखुर्द
२३ एप्रिल २०२५

भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र संस्थेत मोठ्याने वाचलं. सगळे हसले, भय्याजी सोडून. ते म्हणाले, ‘जवाई मालवणला जाऊन लई मोठा सायब झाला वाट्टे.’ मी त्यांना सांगितलं की तो इथे होता तेव्हाही असाच होता.

सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. गंजात बुडवून पाहिलं. एक बुडबुडा नळीच्या सांध्यातून निघत होता. रिंग बदलली, बंद झाला. तुमची ग्रीसची पुडी म्हणजे लग्नात लहान मुलाच्या हातावर ठेवलेली बडीशेप. ती पुरली नाही, म्हणून उरलेल्या रिंगांना जवसाचं तेल लावलं. जाळ्याच्या दोऱ्यांना लावतो तेच. चांगलं मुरलं आहे.

गेजही लावला. काटा दहावर आला आणि थांबला. म्हणजे फर्स्ट स्टेज ठणठणीत आहे. राहिला तोंडाचा भाग, आणि बुडबुडे तिथूनच निघतात. डोंग्याला पाणी जिथून येतं तिथेच आम्ही राळ आणि चिंध्या ठोकतो. दोष कुठे आहे हे ओळखायला आम्हाला मालवणचं सर्टिफिकेट लागत नाही.

रिंकू बरी आहे. घरीच असते, काही ना काही चालू असतं. दात तसाच आहे. ती म्हणते, ओळख राहू दे.

तर आता तोंडाचा भाग कसा उघडायचा तेवढं कळवा. चोर, शिव्या वगैरे नको.

भूपेश


मालवण
३० एप्रिल २०२५

भूपेश,

जवसाचं तेल!

तुझं पत्र मी वर्कशॉपमध्ये इथल्या पोरांना वाचून दाखवलं आणि ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मी थट्टा करतो आहे. जवसाचं तेल सुकलं की चिकट होतं. त्यात धूळ बसते, रिंग फुगते, आणि जिथे टाकीचा दाब असतो तिथे तेल भडकूही शकतं. तू माणसाच्या तोंडाशी जोडलेली एक छोटी फटाक्यांची लड तयार केली आहेस. जाळं आणि रेग्युलेटर ह्यांत फरक असतो हे तुला आजपर्यंत कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

आता गेज. काटा दहावर आला, थांबला, आणि तू उठलास. किती वेळ बघितलंस? तू गळ टाकून सकाळपासून सूर्य माथ्यावर येईपर्यंत एका पिसाकडे बघत बसतोस, मासा नसला तरी बसतोस. काट्याकडे मात्र बघवलं नाही. सीट झिजली असेल तर काटा लगेच चढत नाही. तो हळूहळू चढतो, तू पाठ फिरवलीस की चढतो. तुला कळेल अशा मापात सांगतो: काटा थांबला की खर्र्याची प्लास्टिकची पन्नी हातात घे आणि घोटायला सुरुवात कर. खर्रा तयार होईपर्यंत काट्यावरून नजर काढू नकोस. तोवर हलला नाही तरच तो ठीक आहे.

तोंडाचा भाग उघडायचा नाही. आत एक स्प्रिंग आहे आणि बाजूला स्क्रू आहे. तुझ्यासारख्यांना तो स्क्रू दिसला की हात शिवशिवतात. तो आवळला की बुडबुडे बंद होतात आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. झालं काही नसतं, फक्त दार दाबून धरलेलं असतं. मग श्वास ओढायला जड जातो. वर दाब चढतच राहतो आणि एक दिवस दार उडतं; टाकी बघता बघता रिकामी होते. चिंचेच्या फांद्यांत, जाळ्यात अडकलेला असताना तसं झालं तर वर यायला वेळ मिळत नाही.

तेव्हा सगळा सेट पाठव. फर्स्ट स्टेज, नळ्या, काळा आणि पिवळा, सगळं. तोपर्यंत कोणी पाण्यात उतरायचं नाही. तुझं पोट बघता तू उतरतोस हीच मला गंमत वाटते. पाणी त्या पोटाला खाली कसं नेतं?

लिलाधर


गोसीखुर्द
१० मे २०२५

भाऊजी, नमस्कार.

माझ्या पोटाची काळजी करू नका. ते तुमच्या घरचं जेवलेलं नाही.

सोबत काळा तोंडाचा भाग पाठवत आहे. सगळा सेट पाठवता येत नाही, कारण काम थांबवता येत नाही. पाणी रोज थोडं उतरतंय आणि तीच तर वेळ आहे. आता चिंचेवर चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकंच पाणी आहे. आम्ही पिवळ्यावर भागवतो. तोही आधी दोन दिवस बुडबुडे सोडत होता. तुम्ही स्क्रूबद्दल लिहिलंत ते वाचून मी तो शोधून काढला आणि आवळला. लगेच बंद झाला. तुम्ही भीती घालता तसं काही झालं नाही. खाली दोनदा जाऊन येणं झालं, लहान जाळी दोन सोडवली. श्वास थोडा जड जातो म्हणतात, पण खाली थंड पाण्यात तेवढं होणारच.

गेजचं म्हणाल तर काटा मला दिसला तेवढा पुरे. खर्रा घोटत त्याच्याकडे बघत बसलो तर लोक मला येडा म्हणतील.

महाजाळ्याचा दिवस ठरला. येत्या शनिवारी, सतरा तारखेला. सगळी वसाहत काठावर असेल. डोंगे लागतील, दोर लागतील. चिंचेच्या मोठ्या फांदीला जाळं गुंडाळलं आहे, आत शिरून कापून काढावं लागेल. ते निघालं की मी तुम्हाला सविस्तर लिहीन, आणि तेव्हा तुमची बोलती बंद होईल. तशी ती बंदच आहे म्हणा.

काळा भाग सावकाश दुरुस्त करा. घाई नाही.

भूपेश


मालवण
शुक्रवार, १६ मे २०२५

भूपेश,

पार्सल आत्ता मिळालं. हे पत्र मी काम करता करताच लिहितो आहे, म्हणजे तुझ्या शहाणपणाची प्रत्येक पायरी कागदावर राहील.

काळा भाग आमच्या चांगल्या फर्स्ट स्टेजला जोडला. टाकी उघडली. पाण्यात धरला. एकही बुडबुडा नाही. श्वास ओढून पाहिला, सुरेख येतो. दाब वाढवून पाहिला तेव्हा गळायला लागला, कमी केला की बंद. म्हणजे ह्या बिचाऱ्यात काहीही दोष नाही आणि कधीच नव्हता. तू निरपराध माणसाला तुरुंगात टाकून चोराला घरी ठेवलं आहेस. चोर तुझ्या टाकीवर बसलाय, आणि त्याच्या तोंडाला तू आवळलेला पिवळा बांधला आहेस. एवढं सगळं लिहून पाठवूनही जो माणूस

माउथपीस काढला. हा रबराचा तुकडा दातात धरायचा असतो. तू चावून चावून त्याचा चोथा केला असेल आणि खर्र्याचा लाल डाग असेल, तो साफ करावा लागेल, असं वाटलं होतं. डाग नाही. वासही नाही.

भूपेश, हा जबडा तुझा नाही. चावा लहान आहे. दोन्ही बाजूंनी खोल गेला आहे, इतका खोल की एका बाजूचा तुकडा तुटायला आलाय. तोंडाशी हवा उसळत राहिली की माणूस असा चावतो. मला इथे रोज दिसतं. आणि पुढे, डाव्या बाजूला, एका दाताचा ठसा अर्धाच आहे.

आज शुक्रवार. उद्या शनिवार.


गोसीखुर्द
१८ मे २०२५

भाऊजी,

हे पत्र फर्स्ट स्टेज आणि पिवळ्या भागासोबत पाठवतो आहे. आता माझ्याकडे काहीच ठेवलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही काठावर सामान लावत होतो. शनिवारच्या आधी एक चाचणी म्हणून रिंकू थोडं खाली जाऊन येणार होती. तिने पोशाख घातला होता, पायात पंखे अडकवत होती. माझ्या फोनवर तुळसाबाईचं नाव आलं. मी म्हटलं, ‘बोल बाई.’ तिकडून तुमचा आवाज. तीन वर्षांनी. ‘पोरीले पाण्यात नको उतरवू.’ मी विचारलं, ‘भाऊजी, तुमाले कसं समजलं?’ तुम्ही म्हणालात, ‘तिले फोन दे. तुले नाई.’

तुम्ही तिला काय सांगितलं ते तिने स्पीकरवर ठेवल्यामुळे सगळ्या काठाने ऐकलं. टाकी पूर्ण उघड. पिवळा गंजात बुडवून ठेव. गेज जोड. आणि नत्थूले सांग खर्रा घोटाले. नत्थू माझा पुतण्या, तो कधी नव्हे तो लाजला. पण त्याने पन्नी काढली. आम्ही सगळे गंजाभोवती उभे होतो, आजूबाजूला सगळी वसाहत. काटा दहावर आला आणि थांबला. भय्याजी म्हणाले, ‘थांबला ना, मंग?’ फोनमधून तुमचा आवाज आला, ‘चूप बस, भय्याजी.’ तेही चूप बसले.

नत्थू घोटत राहिला. काटा अकरावर गेला. मला आधी वाटलं डोळ्याला तसं दिसतंय. मग बारा. खर्रा अजून तयार व्हायचा होता आणि काटा तेराच्या पुढे गेला, आणि तो पिवळा, मी इतका आवळलेला, एकदम सुटला. गंजातलं पाणी उसळून सगळ्यांच्या अंगावर आलं. हवेचा असा आवाज झाला की काठावर बसलेल्या बाया उठून मागे पळाल्या. रिंकूनेच टाकी बंद केली, तिचेच हात चालले. आमचे कोणाचे चालले नाहीत.

मग ती खाली बसली. म्हणाली, ‘बाबा, हे खाली झालं असतं त?’ मी पिवळा गंजातून काढून पिशवीत घातला. मी रात्री डोळे मिटले की गंजच दिसतो. तुम्ही फोनवर विचारलंत, ‘आयकलं?’ मी म्हटलं, ‘हो भाऊजी,’ आणि तुम्ही फोन ठेवलात.

आता तुम्ही म्हणाल की पोरीला पाण्यात ढकलून बाप काठावर खर्रा घोटत बसला. म्हणा. पण ऐका, संस्थेत आम्ही पाच जण उतरायला पुढे झालो होतो. नत्थूचा कान दुखतो, देवाजीला खाली गेला की भीती वाटते, दोघांचं वय झालं, आणि माझा दम अर्ध्यातच सुटतो. खर्र्यानेच, हे मला डॉक्टरने सांगितलं, तुम्ही सांगायची गरज नाही. रिंकू हे सगळं नागपूरला शिबिरात शिकून आली. तिने मला विचारलं नाही, सांगितलं. पाण्याखाली तिच्यासारखं कोणी नाही. लहानपणी तिला पोहायला कोणी शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तुमच्यापासून लपवलं ते एवढ्यासाठीच की तुम्ही बाईला सांगाल, बाई तिच्या आईला रडवेल, आणि मग सगळं बंद पडेल.

जाळं अजून चिंचेतच आहे. पाऊस यायला वेळ आहे. दुरुस्त होऊन आलं तर पुन्हा पाहू. नाही झालं तर सुताची दुकानं आहेत, जाळं पुन्हा विणू.

भूपेश


मालवण
२८ मे २०२५

भूपेश,

फर्स्ट स्टेज उघडला. सीट सोबत चिकटवून पाठवत आहे. भिंगाखाली बघ, भिंग नसेल तर पोस्टमास्तरकडून मागून घे. कडेला गोल खाच पडली आहे, एक बाजू खोल. ही हॉटेलात असतानाच गेलेली होती. तिच्याभोवती पिवळा चिकट राळेसारखा थर होता, तो तुझ्या जवसाचा. तो काढायला मला जितका वेळ लागला तितक्यात एक नवीन रेग्युलेटर तयार झाला असता. सीट, रिंगा, दोन्ही तोंडांच्या आतल्या झडपा बदलल्या. पिवळ्याचा स्क्रू तू कुठपर्यंत आवळला होतास ते मी मोजलं नाही; मोजलं असतं तर रक्तदाब वाढला असता. आता गेजवर काटा सगळी दुपार एकाच जागी थांबला होता. मी बाजूला बसून पेपर वाचला, चहा घेतला, तो हलला नाही.

काळ्याला नवीन माउथपीस लावला. जुना चावून खराब झाला होता, कचऱ्यात टाकला.

सेट पोस्टाने पाठवणार नाही. पोस्टात आदळला की तूच म्हणशील, दुरुस्ती खराब होती. कोणाच्या तरी हाती पाठवीन.

रिंकूला पुढचं वाचून दाखव, तू स्वतः वाचू नकोस, तुला समजत नाही आणि समजलं तरी उलटं करतोस. काम झालं की दोन्ही तोंडांचा स्क्रू पूर्ण सैल करून ठेवायचा, म्हणजे आतली झडप दबून राहत नाही. धुताना टाकीच्या बाजूचं झाकण घट्ट लावायचं, आणि तेव्हा पुढचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत जातं. खाली जाण्याआधी दर वेळी काटा बघायचा, खर्रा घोटायला लागेल इतका वेळ. ती खर्रा खात नाही, म्हणून नत्थूने घोटावा. त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

पोरीला उतरवलंस ह्याचा मला राग नाही. उतरणारच होती ती. तिला पोहायला मी त्याच चिंचेखालच्या घाटावर शिकवलं, तेव्हा तिथे पाणी कमरेएवढं होतं. मला राग ह्याचा आहे की तू माझ्यापासून लपवलंस. आधी लिहिलं असतंस तर मी दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने आलो असतो, आणि टॉवेलचा विषयही काढला नसता.

फोन केला त्याचा अर्थ लावू नकोस. ते बोलणं नव्हतं, सूचना होती. गावात आग लागली की घंटा वाजते, ती काय कोणाशी बोलते? शपथ जशी होती तशी आहे.

लिलाधर


(ह्याच पाकिटात, घडी घालून ठेवलेली चिठ्ठी)

भूपेश,

तुले फोनवर सांगितलं असतं, पण फोन हातात घेतला की ते बाजूले येऊन बसतेत आणि आयकत नाई म्हणतेत. म्हणून पाकिटात लपवून टाकून राहिली. त्यायले पाकीट चिकटवाले मीच लागते.

पह्यलं तुले. रिंकूचं माह्यापासून लपवलं ना? आता येते तवा पाह्यजो. तिच्या मायले म्या रडवली नसती, तुले मारलं असतं.

आता त्यायचं. त्या दिवशी ते दुकानातून घरी आले ते चपलाबी नाई काढल्या. माह्याजवळून फोन हिसकला. तुयाशी बोलताना आवाज मोठा होता, पण फोन कानाले उलटा लावला होता, म्या सीधा करून देल्ला. तुमी काठावर काय केलं ते सगळं आयकलं त्यायनं. हवेचा आवाज झाला तवा डोळे मिटून घेतले. फोन ठेवल्यावर भिंतीले टेकून बसले आणि म्हणाले, ‘तुळसा, पोरगी वरतं हाय.’ मंग त्या रात्री जेवले नाई. सोबत त्यायचं अर्धं राहिलेलं पत्र ठेवून राहिली. ते दुकानातल्या टेबलाखाली पडलं होतं, त्यायले माहीत नाई.

सेट कोणाच्या हाती पाठवतेत म्हणून इचारशील. दोघायचं रेल्वेचं तिकीट काढलं हाय, पाच जूनचं. ब्यागमधी कपडे कमी आन् हत्यारं जास्त भरून राहिले. जाळं निघेपर्यंत काठावर बसतो म्हणतेत. तुयाशी बोलतीन का नाई ते मले सांगता येत नाई. तू दुपट्टा मात्र आणून ठेव. चांगला आण, भय्याजीच्या ड्रायव्हरले देल्ला त्याच्यापरीस चांगला.

आणि जुना तोंडाचा तुकडा त्यायनं कचऱ्यात नाई टाकला. सदऱ्याच्या खिशात हाय. काल कपडे धुताना सापडला, म्या पुसून परत तिथंच ठेवला.

तुयी बाई,
तुळसा